माणसाची कांडी

नोकरीतून सुटून आता बरीच वर्षं झाली, पण उंब्रजच्या स्टँडवर उतरलो की अजूनही कुणीतरी लांबून ओरडतंच, "ओ डाक्टर!" आणि मी वळून बघतो. वळून बघायची ही सवयच माझ्या सगळ्या फजितीचं मूळ. कारण मी डॉक्टर नाही, कधीच नव्हतो. जनावरांच्या खात्यात मी पर्यवेक्षक होतो, म्हणजे डॉक्टरच्या खालचा आणि शिपायाच्या वरचा माणूस. सुरुवातीला मी प्रत्येकाला हे समजावून सांगायचो. सहा महिन्यांत कंटाळलो, वर्षभरात गोडी लागली.

काम काय होतं, ते आधी सांगतो. गाय माजावर आली की तिला वळूकडे न नेता आमच्याकडे आणायची. चांगल्या जातिवंत वळूचं बीज आम्ही नळीनं गाईच्या गर्भाशयात सोडायचो. त्यासाठी डावा हात कोपराच्या वर गाईच्या आत आणि उजव्या हातात नळी, अशा अवस्थेत उभं राहून मालकाशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारता आल्या पाहिजेत, नाहीतर मालक आणि गाय दोघंही बिथरतात. बीज यायचं कराडहून, एस.टी.नं, बर्फ घातलेल्या थर्मासमधून. एकदा नव्या कंडक्टरनं आत चहा असेल म्हणून झाकण उघडलं. त्यानं कुणाला तरी विचारलं आणि त्याला कळलं. त्यानंतर त्याच्या गाडीत माझ्या थर्मासला खिडकीची सीट मिळायला लागली.

पहिली नेमणूक माण तालुक्यात होती. तिथल्या एका म्हाताऱ्याचा खिलार बैल मेला. म्हातारा तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला आणि धोतराच्या सोग्यातून बैलाच्या शेपटीचा गोंडा काढून टेबलावर ठेवला. म्हणाला, "ह्यातनं कायतरी करा. मला त्योच पायजे." मी समजूत घातली की बाबा, मेलेल्या जनावराच्या केसातून काही होत नसतं. तो म्हणाला, "आज न्हाई व्हत, उद्या व्हईल. ठिवा तुमच्याकडं." तो गोंडा माझ्या ड्रॉवरमध्ये दोन वर्षं होता. बदली झाली तेव्हा मी तो त्याला परत नेऊन दिला आणि मनात हसलो.

तेव्हा हसलो ते चुकलंच. अठ्ठ्याहत्तर साली मी उंब्रजजवळच्या एका गावात होतो, गाव उसाचं आणि तालमीचं. एका सकाळी आमच्या केंद्रासमोर सात-आठ गाई, त्यांचे मालक, आणि शाळेचे जाधव गुरुजी असा मेळा जमला होता. गुरुजींकडे गाय नव्हती, पण वर्तमानपत्र होतं आणि ऐकायला माणसं लागायची, म्हणून ते रोज यायचे. त्या दिवशी त्यांनी मोठ्यानं वाचलं की परदेशात कुणा धनाढ्य माणसानं म्हणे आपली हुबेहूब नक्कल जन्माला घालून घेतली. बाप असा नाहीच. त्याच्याच अंगातला कण घेतला आणि त्यातून तोच पुन्हा. ती बातमी पुढे थाप निघाली, पण थाप आमच्या गावापर्यंत यायला एक दिवस लागला आणि खुलासा यायला काही वर्षं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा डावा हात त्या वेळी गाईत होता. "डाक्टर, आसं व्हतंय व्हय?" कुणीतरी विचारलं. आता मी 'मला माहीत नाही' असं म्हणायला हवं होतं. पण डाक्टर म्हटलं की माझी कॉलर ताठ व्हायची. मी म्हणालो, "त्यात काय अवघड? तुम्ही ऊस बी पेरून लावता का? कांडी लावता. कांडीतून येतो तो त्याच उसाचा ऊस. तोच रंग, तोच गोडवा. तसंच हे."

मग गुरुजी टाळी वाजवून ओरडले, "म्हणजे माणसाची कांडी!"

झालं. दुपारपर्यंत गावात दुसरा विषय उरला नाही. एकाला स्वतःची कांडी हवी होती, म्हणजे एकानं रेशनच्या रांगेत उभं राहायचं आणि दुसऱ्यानं झोपायचं. दुसऱ्यानं विचारलं, फौजेत गेलेल्या भावाची कांडी घरी ठेवली तर सुट्टी मागायला नको ना? एका म्हातारीनं मला रस्त्यात अडवून बजावलं की कुणाचीही लाव, पण आमच्या म्हाताऱ्याची लावू नकोस, एकातच जन्म गेला. मी सायकलवरून जाताना पोरं मागून ओरडायची, "डाक्टर, कांडी! डाक्टर, कांडी!" खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

आणि मग कुणाच्या तरी डोक्यात महादू पैलवान आला.

महादू म्हणजे गावाची छाती. पंचक्रोशीतल्या जत्रेतली शेवटची कुस्ती गेली दहा वर्षं त्याच्याच नावावर होती. पण आता पस्तिशीला आला होता, गुडघा कुरकुरत होता आणि शेजारच्या गावात एक विशीतला गडी तयार होत होता. महादूला मूलबाळ नव्हतं. म्हणजे हे रक्त त्याच्याबरोबर संपणार, अशी गावाला चिंता. म्हणून सरपंचांच्या ओट्यावर ठरलं की कांडी लावायची तर महादूचीच. गुरुजींनी लगेच सरकारला अर्ज लिहायला घेतला. विषय: आमच्या गावचे नामांकित मल्ल यांची नक्कल मिळणेबाबत. आत लिहिलं होतं, 'सदर मल्ल वयोमानाने उताराला लागले असून'. महादूनं ते ऐकलं आणि म्हणाला, "गुरुजी, उताराला कोन लागलंय? या तालमीत." गुरुजींनी ते वाक्य खोडलं.

शंका काढणारा एकच होता, इलाहीभाई शिंपी. मशीन चालवता चालवता तो म्हणाला, "माझी सोय हाय गड्या, माप एकदाच घ्यायचं आनि दोघांचं शर्ट शिवायचं. पन मला सांगा, त्यो नवा महादू ह्येचा ल्योक का भाऊ? आनि त्येला कुस्ती नगंच वाटली तर? त्येला माझ्यागत कापडं शिवायची आसली तर?" शिवणाच्या मशीनवर बसलेला महादू डोळ्यांसमोर येऊन सगळे पोट धरून हसले. इलाहीभाई हसला नाही. पुढची टीप घालत म्हणाला, "हसा. त्येला कुनी इच्यारलं न्हाई, येवढंच म्हनतोय मी."

बायकांकडून प्रश्न आला तो वेगळा. पाणवठ्यावर एकीनं विचारलं म्हणे, "आनि नऊ म्हयने पोटात कोन वागवनार? गुरुजी का?" हा प्रश्न हसत हसत गावात फिरला आणि फिरत फिरत महादूच्या आईच्या, तानूबाईच्या कानावर पोचला. तिथं तो हसण्याचा राहिला नाही. तानूबाई सुनेबद्दल चारचौघांत म्हणाली, "हिराच्या कुशीत न्हाई रुजायची. धा वरसं झाली, त्ये रान नापीकच हाय. कांडीला चांगलं रान बगाय पायजे." आणि तिनं खरोखरच बघायला सुरुवात केली. माणमधल्या एका गरीब घरातली बावीस-तेवीस वर्षांची पोरगी, बाप मुंबईला गिरणीत. तिच्या घरी निरोपही गेला. कांडी येवो न येवो, सवत मात्र येणार हे नक्की झालं. माझ्या एका वाक्यानं एवढं रामायण केलं होतं, आणि मी अजून कॉलर सरळ करत होतो.

हिरा म्हणजे महादूची बायको. मी तिला वहिनी म्हणायचो. कामाला वाघीण, बोलायला कमी. त्या आठवड्यात ती तिची कपिला गाय घेऊन केंद्रावर आली. गाय दुसऱ्यांदा उलटली होती, म्हणजे दोनदा भरवूनही गाभण राहिली नव्हती.

"इकून टाकावी म्हंतात आत्याबाई," हिरा म्हणाली. "वांझ निगाली म्हंतात."

मी म्हणालो, "थांबा वहिनी, गाईला नावं ठेवायच्या आधी थर्मास बघू." बर्फ वाटेत वितळला असेल तर बीज मरतं, म्हणून नळीतला एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा नियम होता. त्या यंत्राला गावात सगळे दुर्बीण म्हणायचे. मी डोळा लावला. एकही बीज हलत नव्हतं. "बघा," मी म्हणालो, "ह्यात जीवच नाही. गाईचा काय दोष? आमच्या खात्याचा पहिला नियम आहे, आधी वळू तपासायचा, मग गाय."

हिरानं गाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "म्हंजी दर टायमाला गाईचंच चुकतं आसं न्हाई?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी ताजा थर्मास आल्यावर गाय पुन्हा भरवली आणि मी ते बोलणं विसरून गेलो.

ती विसरली नाही. दोन दिवसांनी भर दुपारी केंद्राच्या दारात सावली पडली. दार सगळं भरलं, म्हणजे महादूच. आत आला, खुर्चीकडे बघितलं, खुर्चीची दया येऊन उभाच राहिला. "डाक्टर," तो म्हणाला, "तुमची ती दुर्बीन मानसाचं बी दावती का वो?"

मी सांगलीला जा म्हणालो, खरंच म्हणालो. तो म्हणाला, "दवाखान्यात गेलो तर सांज व्हायच्या आत तालमीत कळंल. तुमी एकदा बगा. काय आसंल तर जातो." मी नाही म्हणायला हवं होतं. ते माझं काम नव्हतं, मला तो अधिकारही नव्हता, आणि चाळीस वर्षांनी ही गोष्ट लिहिताना त्याची लाज वाटते. पण समोर एवढा मोठा गडी खाली मान घालून उभा, आणि त्यात मी डाक्टर. मी त्याला काचेची बाटली दिली.

काच सरकवून डोळा लावला. वर, खाली, डावीकडं, उजवीकडं. सगळं रिकामं. दुसरी काच घेतली. तीही रिकामी. महादूनं विचारलं, "दिसतंय का काय?" मी म्हणालो, "पैलवान, आपण दोघं सांगलीला जाऊ." त्याला कळलं. तो फक्त "बरं" म्हणाला.

कुणी विचारलं तर बदाम आणायला चाललोय असं सांगायचं ठरलं. उंब्रजहून कराड, कराडहून सांगली. गाडीत महादूनं दीड सीट घेतली आणि उरलेल्या अर्ध्यावर मी. कंडक्टरनं ओळखलं, तिकीट फाडता फाडता कोणत्या जत्रेत कुणाला कसं लोळवलं ते अख्ख्या गाडीला सांगितलं. विश्रामबागेतल्या दवाखान्यात कंपाउंडरही कुस्तीवेडा निघाला. त्यानं बसलेल्या सगळ्या पेशंटना उठवून पैलवानाला नमस्कार करायला लावला. "काय दुखतंय पैलवान?" त्यानं विचारलं. "खांदा," महादू म्हणाला. कंपाउंडरनं केसपेपरवर खांदा लिहिलं. डॉक्टरांनी दहा मिनिटं मन लावून खांदा तपासला, हात वर करायला लावला, खाली करायला लावला, आणि खांदा उत्तम आहे म्हणाले. मग मला तोंड उघडावं लागलं.

डॉक्टर आधी माझ्यावर चिडले. "तुम्ही जनावरांचे ना? माणसाला हात लावायला कुणी सांगितलं?" मग त्यांनी नीट तपासणी केली आणि महादूला विचारलं, लहानपणी गालगुंड झालं होतं का, आणि त्यात खाली सूज आली होती का. झालं होतं, आली होती, चौदाव्या वर्षी. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की मूल होणार नाही, आणि बायकोत दोष असायचं काही कारण दिसत नाही. परत येताना महादूनं बदाम घेतले नाहीत. हिरासाठी भडंगाचा पुडा घेतला आणि तो उंब्रजपर्यंत मांडीवर धरून बसला. उतरताना एवढंच म्हणाला, "कुनाला सांगू नगा, डाक्टर." मी शब्द दिला.

रविवारी शाळेच्या पटांगणात सभा. अर्ज वाचून दाखवायचा, त्यावर गावाच्या सह्या, आणि खाली तांत्रिक शिफारस म्हणून माझी सही आणि केंद्राचा शिक्का. बापे पुढं, बाया भिंतीकडं. तानूबाई सगळ्यांत पुढं. तिनं शेजारणीला सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं की माणची पाव्हणी मंगळवारी येणार आहेत. हिरा भिंतीला टेकून उभी होती. ती ना तानूबाईकडे बघत होती, ना महादूकडे. ती माझ्याकडे बघत होती.

मी तर पुरता कात्रीत सापडलो. शब्द महादूला दिलेला, आणि मंगळवारी संसार मोडणार हिराचा. गुरुजींनी नाव पुकारलं, मी उठलो. म्हणालो, "मंडळी, शंभर कांड्या लावल्या तर शंभर उगवतात का?"

"न्हाई वो, नांग्या पडत्यात की!" सगळे ओरडले. न उगवलेल्या कांडीची मोकळी जागा म्हणजे नांगी.

"उसात नांगी पडली तर आपण दुसरी कांडी लावतो. माणसात नांगी पडली तर? ती एक बाई असेल आणि तिच्या पोटातलं गेलेलं पोर असेल. तिथं दुसरी कांडी लावायची म्हणजे काय करायचं?" मी पुढं म्हणालो, "बरं, बेणं निवडताना काय बघता?"

"डोळा!" "पेर!" "काणी नसावी!"

काणी म्हणजे उसाचा रोग. शेंड्यातून काळा चाबूक निघतो, आणि बेण्यात असली तर त्या बेण्याचा सगळा फड जातो. मी विचारलं, "आणि वरून ऊस चांगला धष्टपुष्ट, पण काणी आत असली तर? दिसलीच नाही तर?" आणि इथं मी थांबलो. पुढचं वाक्य माझं नव्हतं. मी खाली बसलो.

महादू उठला. "माजी कांडी लावू नगा," तो म्हणाला. "बेन्यात काणी हाय."

गाव खो खो हसलं. पैलवान गंमत करतोय असं वाटलं सगळ्यांना. त्यानं हसू ओसरू दिलं आणि मग जत्रेत सलामी देताना उभा राहायचा तसा उभा राहून म्हणाला, "हसू नगा. मूल न्हाई त्यो दोष माजा हाय. हिराचा न्हाई. दवाखान्यात तपासून आलोय. तुमी ज्येची नक्कल मागताय, त्येच्यात पुढं काय रुजायचंच न्हाई."

तानूबाई उभी राहिली. "खोटं बोलतूस. बायकूसाठी खोटं बोलतूस!"

"आये, तुझ्या गळ्याची आन."

मग तिनं माझ्याकडे बोट केलं. "डाक्टर, तुमी सांगा. खरं का खोटं?"

अख्खं गाव माझ्याकडे वळलं. मी म्हणालो, "तानूबाई, मी डॉक्टर नाही." नोकरीत आल्यापासून हे वाक्य एवढ्या मोठ्यानं मी पहिल्यांदाच बोललो. "पण सांगलीचे डॉक्टर आहेत, आणि त्यांच्यासमोर मी बसलो होतो. पैलवान खरं सांगतोय."

इलाहीभाई उठला, महादूपाशी गेला आणि त्याचा हात धरून वर केला, पंच करतात तसा. "लय कुस्त्या बगितल्या गड्या," तो म्हणाला. "निकाली ही एकच." आणि मग ज्या टाळ्या झाल्या त्या मी कुठल्या जत्रेत ऐकल्या नाहीत. गुरुजी तर रडायला लागले आणि त्यांनी त्या अर्जानंच डोळे पुसले. तानूबाई मटकन खाली बसली होती. हिरा भिंत सोडून आली, सासूच्या काखेत हात घालून तिला उठवलं आणि म्हणाली, "चला आत्याबाई. धारंची येळ झाली."

मंगळवारी पाव्हणी आली नाहीत. पुढच्या जत्रेत शेजारगावच्या त्या पोरानं महादूला चितपट केलं आणि महादूनं उठून त्यालाच खांद्यावर घेतलं. त्याच साली मिरजेच्या एका आश्रमातून दोघांनी एक पोरगी घरी आणली. ती चालायला लागली तेव्हा पायात अंतर ठेवून, खांदे पाडून, थेट महादूसारखी चालायची. कांडी न लावता.

पण शेवट तो नव्हे. सभेनंतर दीड-दोन महिन्यांनी हिरा कपिलेला घेऊन आली. मी हात घालून तपासलं, गाय गाभण होती. मी ओरडलोच, "वहिनी, पेढे!" तिनं पदराखालून पुडा काढला, आधीच आणला होता. गाईचं दावं सोडून ती जायला निघाली, आणि दारात थांबली.

"डाक्टर, तुमचा त्यो नियम. आधी वळू बगायचा, मग गाय. त्यो कवापास्नं हाय?"

"पहिल्यापासून," मी पेढा खात खात, अभिमानानं म्हणालो. "मी ह्या गावात आल्यापासून, चार वर्षं, रोज सांगतोय सगळ्यांना."

"व्हय. ऐकत हुते की रोज, माजं घर समोरच हाय," हिरा म्हणाली. रागानं नव्हे, साध्या आवाजात. "मग त्यो मानसाला बी लागतो, ह्ये चार वरसात मला येकदा का न्हाई सांगितलं?"

ती गेली. पेढा माझ्या तोंडात तसाच राहिला. रस्त्यावरून कुणीतरी "डाक्टर!" म्हणून हाक मारली, आणि त्या दिवशी मात्र मी वळून बघितलं नाही.